कोशकाकांनी मान डोलावली

विधी विद्याशाखेच्या ग्रंथपालांना सगळे कोशकाका म्हणत. विद्यार्थी म्हणत, प्राध्यापक म्हणत, आणि राग शिगेला पोचला की घरी बायकोही म्हणे. कारण सरळ होतं. काकांना काहीही विचारा, अगदी आज वार कोणता असं विचारलं तरी ते आधी "बघून सांगतो" म्हणत आणि कुठलातरी जाडजूड कोश उघडत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत न बघता त्यांनी एकच उत्तर दिलं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

ही गोष्ट फोन खिशात यायच्या आधीची. विद्याशाखेत तेव्हा नुकतेच सहा संगणक आले होते आणि ठेवायला जागा नाही म्हणून खोक्यांतच पडून होते. डीनसाहेब माणूस उमदा, पण कामाचा भारी उरका. संगणक आल्यापासून ते खिशात मोजपट्टी घेऊन फिरत आणि कुठल्याही खोलीत शिरले की बोलता बोलता भिंत मोजत. एका सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी टोकाला असलेल्या परदेशी निकालपत्रांच्या खोलीत आले, तेव्हाच काकांनी ओळखलं, आता पाळी आपली.

त्या खोलीचा इतिहास सांगायला हवा. काका नोकरीला लागले त्याच वर्षी एक वृद्ध प्राध्यापक वारले आणि त्यांच्या घरून एकेचाळीस खोकी विद्याशाखेला भेट म्हणून आली. आत एका दूरच्या देशाच्या कोर्टांचे निकाल, वर्षावार बांधलेले, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच लिपीत. वाचता एकालाही येत नव्हतं. बाकीच्यांनी ती रद्दी ठरवली. नव्या ग्रंथपालाला मात्र वरून हुकूम आला की याची सूची करा. आता आत काय आहे ते कळल्याशिवाय सूची होते कशी? काकांनी एक व्याकरण आणि एक उशीएवढा कोश मागवला, दोन वर्षं मान मोडून बसले, आणि वाचायला शिकले. मग दर खटल्याचं एक कार्ड करायला घेतलं, सारांश आपल्या भाषेत, म्हणजे कुठल्याही पोराने खण ओढावा आणि त्याला हवं ते सापडावं. दर वर्षीचा नवा खंडही काका मागवत राहिले, कार्डं वाढत राहिली. आता अकरा हजार झाली होती. इतक्या वर्षांत तो खण ओढायला बाहेरचं कोण आलं, हा प्रश्न काका स्वतःलाही विचारत नसत. जी थोडी माणसं त्या दारापर्यंत आली, त्यातली बरीचशी स्वच्छतागृह शोधत होती.

डीनसाहेबांनी एक भिंत मोजली, दुसरी मोजली, आणि फार गोड आवाजात विचारलं, की काका, ही खोली कुणाच्या उपयोगाची आहे? काका म्हणाले, सगळ्यांच्या. मग येतं कोण, असं साहेबांनी विचारल्यावर काका कपाटाकडे बघत राहिले. साहेबांना त्यांची दया आली असावी, कारण त्यांनी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात विद्याशाखेत परदेशी तज्ज्ञांची व्याख्यानमाला होती, पाच दिवस, पाच देशांचे पाच पाहुणे. चार जण इंग्रजीत बोलणार होते. पाचव्या पाहुण्या त्याच देशाच्या, या कपाटांतल्या देशाच्या, सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती. त्यांनी कळवलं होतं की मी माझ्याच भाषेत बोलेन, दुभाषा तुम्ही द्या, कोर्ट आरोपीलासुद्धा देतं. आता या गावात असा माणूस आणायचा कुठून, असं साहेब म्हणाले. तशी भाषा कुणाला येते?

"मला येते," काका म्हणाले.

मोजपट्टी सर्रकन आपल्या डबीत गेली. साहेब खूष झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे सौदा केला. शुक्रवारच्या व्याख्यानाला कुलगुरू येणार होते. काकांनी दुभाषा म्हणून उभं राहायचं. या खोलीने आपल्याला काय दिलं ते सगळ्यांना दिसलं, तर संगणक दुसरीकडे. नाही दिसलं, तर सोमवारी कपाटं खाली उतरवायची आणि कार्डं पोत्यात भरायची. काका लगेच कबूल झाले.

यात ते खोटं बोलले नव्हते, हे आधी सांगून ठेवतो. भाषा येते म्हणजे वाचता येते, असा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा समज. ती कुणी तोंडाने बोलत असेल, बाजारात भांडत असेल, बाळाला निजवत असेल, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. ती त्यांनी एकदाही कानांनी ऐकली नव्हती. अशी चूक जगात फक्त ग्रंथपालच करू शकतो.

शिवाय ते आनंदाने वेडे झाले होते. पाहुण्यांचं नाव वाचल्यावर त्यांना जवळच्या नात्यातलं कुणी येतंय असं वाटलं. या बाई खालच्या कोर्टात लागल्या तेव्हापासून काका त्यांचे निकाल वाचत होते. साठ-पासष्ट निकालांची कार्डं त्यांनी स्वतः केली होती. त्यातला एक त्यांना फार प्रिय होता, तो मेंढपाळाचा. डोंगरातला एक मेंढपाळ, कोर्टाची भाषा न येणारा, वनखात्याची चौकी जाळल्याच्या आरोपावरून उभा केलेला. कामकाजाच्या नोंदीत एवढंच होतं: कोर्टाने विचारलं, कळलं का? आरोपीने मान डोलावली. कोर्टाने विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आरोपीने मान डोलावली. तीन वर्षं शिक्षा. वर अपील गेलं, पाचातल्या चार न्यायाधीशांनी शिक्षा कायम केली आणि एकट्या या बाईंनी वेगळं मत लिहिलं, ते खंडाच्या अगदी शेवटी बारीक टाइपात छापलेलं. सूची करणारा माणूस शेवटच्या पानापर्यंत जातो म्हणून ते काकांना सापडलं. घरी बायकोलाही त्यांनी ते इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, प्रत्येक अक्षर सुटं आणि ठणठणीत उच्चारून, की मेंढपाळ म्हटलं की ती हात जोडायची.

"या, आल्या का तुमच्या न्यायमूर्तीबाई?" आठवडाभर ती रोज विचारत होती. "मी काय नेसून येऊ ते सांगून ठेवा. तुलना होणार."

व्याख्यानमाला सुरू झाली. पहिल्या दिवशीचे पाहुणे समुद्रावरच्या कायद्याचे. त्यांनी पडद्यावर दाखवायच्या एकशेचाळीस पारदर्शिका आणल्या होत्या आणि एकही गाळली नाही. दुसऱ्या दिवशीचे करांचे तज्ज्ञ इतक्या हळू आवाजात बोलले की ते कधी संपले हे आभार मानणाऱ्यांनाही कळलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी हजेरी दारातच घेतली, आणि सही करून पोरं मागच्या दाराने निघून गेली. कुलगुरूंना शुक्रवारी रिकाम्या खुर्च्या दिसतील या धास्तीने डीनसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता काय ती भिस्त काकांवर.

गुरुवारी दुपारी काका विद्याशाखेची गाडी घेऊन स्टेशनावर गेले. स्वागताचं एक वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं, तीन पोटवाक्यांचं, एका जुन्या निकालाच्या सुरुवातीवरून बेतलेलं. आगगाडीतून एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायांत धावायचे बूट घातलेल्या बाई उतरल्या. काकांनी पुढे होऊन वाक्य म्हटलं. बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं, आपुलकीने हसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की हा भला माणूस त्याच्या गावच्या भाषेत आपलं स्वागत करतोय असं त्यांना वाटलं आहे.

मग त्या बोलल्या. काकांनी कान टवकारले. शब्द नव्हतेच, नुसता एक सलग आवाज, कुठे सुरू झाला आणि कुठे तुटला काही पत्ता नाही. एक ओळखीचा शब्द पकडावा म्हणून ते थांबले, तर तेवढ्यात बाई चार वाक्यं पुढे गेल्या होत्या. शेवटी आवाज वर चढला आणि त्या थांबल्या. प्रश्न होता. काकांनी बाईंची बॅग उचलली. आणि त्यांनी मान डोलावली.

बाईंचा चेहरा खुलला. गाडीत त्यांनी आणखी विचारलं, काकांनी आणखी डोलावली. एकदा त्यांनी काकांच्या बुटांकडे बोट केलं आणि सहा बोटं दाखवली, काकांनी डोलावली. एकदा काकांच्या छातीवर बोट ठेवून खूप वेळ काही समजावून सांगितलं आणि शेवटी हसून विचारलं, काकांनी तेही मान्य केलं. अतिथिगृहाच्या दारात बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमचं तर चांगलंच जमलं की."

संध्याकाळी चहाचा कप तसाच निवला. बायकोने विचारलं तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरधरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग त्यांचा चेहरा बघून जवळ येऊन बसली.

"अहो, साहेबांना सांगून टाका सकाळी. माणूस वाईट नाहीये."

"सांगितलं की खोली गेली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सगळ्यांच्या देखत गेली," काका म्हणाले.

तिने निवलेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला. तिला ती खोली ठाऊक होती. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत नवऱ्याने तिला फिरायला म्हणून तिथेच नेलं होतं आणि खण उघडून दाखवले होते. तेव्हा कार्डं अडीचशे होती.

शुक्रवारी सकाळी काका डीनसाहेबांना गाठायला निघाले ते मनाशी पक्कं ठरवून. पण साहेब पोर्चमध्ये कुलगुरूंच्या शेजारी उभे होते आणि लांबूनच म्हणाले, "हे बघा, हेच ते. अठ्ठावीस वर्षं ही भाषा शिकतायत. आपल्याकडे अशी माणसं आहेत." कुलगुरूंनी कौतुकाने हात पुढे केला. काकांचा धीर तिथेच संपला आणि ते मूग गिळून बसले.

सभागृहात सगळी मांडामांड झाली होती. बाई आल्या, सभागृहाच्या दारापाशी थांबल्या नाहीत, सरळ पुढे चालत गेल्या. कॉरिडॉरच्या टोकाला विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बांधलेलं खोटं कोर्ट होतं, खरं वाटावं असं, न्यायाधीशाची उंच खुर्ची, वकिलांची टेबलं आणि आरोपीचा लाकडी पिंजरा. शिकवण्या तिथेच होत म्हणून एका भिंतीला फळा. बाई तिथे शिरल्या. मागून डीनसाहेब, कुलगुरू, प्राध्यापक, आणि मग तीनशे पोरं, जागा मिळेल तिथे, जमिनीवर, खिडक्यांत. काय चाललंय ते कुणालाच कळेना, आणि त्यामुळे चार दिवसांत पहिल्यांदा सगळे जागे होते.

बाईंनी काकांचं कोपर धरलं, त्यांना अलगद पिंजऱ्यात नेऊन उभं केलं, पिंजऱ्याचं दार लावलं आणि स्वतः उंच खुर्चीवर जाऊन बसल्या.

त्या बोलू लागल्या. सगळं कोर्ट काकांकडे बघायला लागलं. आता भाषांतर येणार, आता येणार. बाईंनी काकांकडे बघून एक प्रश्न विचारला. काकांनी मान डोलावली. बाईंनी वहीत काही लिहिलं. दुसरा प्रश्न. काकांची मान आपोआप हलली. बाईंनी लिहिलं. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा आवाज कडक झाला होता. काकांनी तिसऱ्यांदा डोलावली, तशी बाईंनी लाकडी हातोडी उचलली आणि टेबलावर ठोकली.

पहिल्या रांगेतून डीनसाहेब हाताने खुणा करत होते, बोला, बोला. कुलगुरू घड्याळाकडे बघत होते. आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या काकांना अचानक आपण कुठे उभे आहोत ते दिसलं. खंड एकेचाळीस, पान दोनशे बारा. कोर्टाने विचारलं, कळलं का? आरोपीने मान डोलावली. एकोणीस वर्षं आपण ज्या मेंढपाळासाठी हळहळलो, तो आज आपल्याच सदऱ्यात उभा आहे. काकांना भयंकर लाज वाटली आणि त्याच वेळी, का कोण जाणे, थोडं हसूही आलं. बोललं तर खोली जाणार होती. पण आता गप्प राहिलं, तर त्या खोलीतलं एक कार्डसुद्धा आपल्याला लागू पडलं नाही असं होणार होतं.

त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि बाहेर आले.

"मंडळी," ते म्हणाले, "या बाई काय बोलतायत त्यातलं मला एक अक्षरही कळत नाहीये. कालपासून कळत नाहीये. मला ही भाषा फक्त वाचता येते. साहेब, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. चुकलो."

डीनसाहेबांनी कपाळावर हात मारला. काकांनी फळ्यापाशी जाऊन खडू उचलला आणि तेच सगळं बाईंच्या भाषेत, बाईंच्या लिपीत, लिहायला घेतलं. आपल्या कोशकाकांच्या हातून ती अनोळखी, वळणदार अक्षरं भराभरा बाहेर पडताना पोरांनी बघितली आणि खिडकीतली कुजबुज बंद झाली.

बाई उंच खुर्चीवरून वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खाली उतरल्या, काकांच्या हातातला खडू घेतला आणि लिहिलं. काकांनी वाचून सांगितलं: "स्टेशनापासून?"

काकांनी खाली लिहिलं, स्टेशनापासून.

बाईंनी लिहिलं आणि काकांनी कानाच्या पाळ्या लाल करत वाचलं: "मग आज पहाटे सहाला मी फाटकाशी फिरायला येणाऱ्या माणसाची वाट बघत उभी होते, तो तुम्हीच ना?"

सगळं कोर्ट खो खो हसलं. कुलगुरूसुद्धा हसले. बाई थांबल्या नाहीत, लिहीतच गेल्या, आणि काका सांगत गेले. त्यांनी काल गाडीत काकांना विचारलं होतं, की व्याख्यान सरावकोर्टात घेऊ का, आणि तुम्ही भाषा न समजणाऱ्या आरोपीचं काम कराल का? पहिली दहा मिनिटं भाषांतर करायचं नाही, नुसती मान डोलवायची, म्हणजे आपण काय बघतोय ते मुलांना नंतर उलगडून सांगता येईल. काकांनी होकार दिला होता. आणि आज पिंजऱ्यात त्यांना बघून बाईंना वाटलं होतं, हा माणूस काय सुंदर अभिनय करतोय.

मग बाईंनी फळा स्वच्छ पुसला आणि खरं व्याख्यान सुरू झालं. त्या एक वाक्य लिहीत, काका ते वाचून सांगत. पोरांनी प्रश्न विचारला की काका लिहीत आणि बाई वाचत. फळ्यावर लिहायचं म्हटल्यावर शोभेची वाक्यं आपोआप गळून पडली. "मी सहा वर्षं खालच्या कोर्टात न्यायाधीश होते," बाईंनी लिहिलं. "माझ्यासमोर माणसं मान डोलवत होती आणि मी 'कळलं' अशी नोंद करत होते." कोर्टात पेनांचा आवाज येत होता. हजेरीच्या कागदाची कुणाला आठवणसुद्धा राहिली नव्हती.

पुढचं वाक्य होतं, "एकोणीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका मेंढपाळाचं अपील आलं."

काकांनी ते सांगितलं आणि थांबलेच नाहीत. बाई दुसरं वाक्य लिहायला वळल्या, तोवर काका मुलांना चौकीची आग, डोंगरातली बोली, खालच्या कोर्टाची नोंद, सगळं सांगून मोकळे झाले होते. आपण एवढंसं लिहिलं आणि हा माणूस इतका वेळ काय बोलतोय, असं बाईंना वाटलं असणार. त्यांनी खडू थांबवला आणि लिहिलं: "तुम्ही काय सांगताय?"

काकांनी आधी खंड आणि पान लिहिलं. मग, न बघता, त्यांच्या वेगळ्या मताच्या शेवटाजवळचं एक वाक्य जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं आणि मुलांना सांगितलं: "मान डोलावणारा आरोपी बहुधा घाबरलेला असतो, आणि भीतीची नोंद संमती म्हणून करणारं कोर्ट स्वतःच काही समजलेलं नसतं."

बाई त्या वाक्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी लहान अक्षरांत लिहिलं आणि काकांनी ते वाचून सांगितलं.

"हे माझ्या देशात कुणी वाचलं असेल, असं मला कधी वाटलं नाही."

काकांनी खाली लिहिलं, इथे वाचलं. दर वर्षी एकदा वाचतो. बायकोलाही पाठ आहे.

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. खडूच्याच हाताने त्यांनी ती पुसली, त्यामुळे गालावर पांढरा पट्टा उमटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक मुलगी तेवढी उभी राहिली आणि तिने विचारलं, "काका, त्या खटल्याचं कार्ड आहे तुमच्याकडे? मला बघायला मिळेल?"

काकांना अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी खिशातून तिसऱ्या मजल्याची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

तास संपला तशी ती मुलगी जिना चढू लागली, तिच्यामागे दहा, दहांमागे पन्नास, आणि बघता बघता तिसऱ्या मजल्यापर्यंत रांग लागली. एकेक खण उघडत होता. कुणाला घटस्फोटाचे निकाल हवे होते, कुणाला मच्छीमारांचे. डीनसाहेब गर्दीतून वाट काढत आले आणि मोजपट्टी हातात असूनही त्यांनी तिथलं काहीच मोजलं नाही.

"काका, तुम्ही मला फसवलंत," ते म्हणाले.

"हो साहेब."

"पुढच्या वेळी बघून सांगत जा." मग त्यांनी कार्डांवर वाकलेल्या डोक्यांकडे बघितलं. "संगणक माझ्या खोलीबाहेर ठेवतो. तिथे तसेही लोक नुसते बसूनच असतात." आणि ते खाली जाऊन खरोखरच स्वतःच्या दारापुढची जागा मोजू लागले.

दुपारी पोरं पांगली. काकांची बायको डबा घेऊन आली होती, चांगली साडी नेसून. ती आणि बाई एकमेकींचे हात धरून, एकमेकींची भाषा न कळता, पाच मिनिटं मनसोक्त हसल्या. काकांना ते कसं जमलं ते समजलंच नाही.

मग बाईंनी कपाटातून एकेचाळिसावा खंड स्वतःच काढला. काकांची खुर्ची ओढून घेतली, काकांना शेजारच्या स्टुलावर बसवलं, पान दोनशे बारा उघडलं, बारीक टाइपाच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, हळू, शाळेतल्या बाई वाचतात तसं.

पहिली ओळ काकांना आवाजच वाटली. दुसऱ्या ओळीत बोटाखालून एक शब्द गेला आणि तोच कानात आला. अरे, हा असा म्हणतात? तिसऱ्या ओळीत आणखी दोन. इतकी वर्षं ते ठणठणीत म्हणत आले होते ते शब्द बाईंच्या तोंडून किती मऊ येत होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखे. पान उलटलं. आता ओळ बोटाखाली यायच्या आधीच काकांना कळू लागलं होतं की काय येणार, आणि ते येत होतं. मेंढपाळ आला, डोंगर आला, कोर्टाचा प्रश्न आला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बायकोने दुसरीकडे बघितलं.

वाचून झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं. आता पुढे पान नव्हतं, बोट नव्हतं, फळा नव्हता. त्यांनी काकांकडे बघून दोनच शब्द उच्चारले. ते दोन शब्द काकांनी शेकडो नोंदींत वाचले होते, आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांना ऐकू आले.

कळलं का?

काका क्षणभर थांबले, स्वतःची पक्की खात्री करून घेतली, आणि मगच त्यांनी मान डोलावली.